तिरक्या आकारांच्या कडा का फाटतात आणि त्या गुळगुळीत कशा ठेवायच्या

जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या फ्लेक्सवर सासनकाठी (यात्रेत मिरवली जाणारी उंच काठी) अगदी सरळ उभी ठेवली तर ती खांबासारखी दिसते. तीन-चार अंश कलती केली की मिरवणूक चालल्यासारखी वाटते. काम नेमकं तिथंच बिघडतं. उभी असताना तलवारीसारखी धारदार असलेली काठी कलली की तिच्या कडेला पायऱ्या उमटतात. खासबाग मैदानाच्या कुस्तीच्या पोस्टरवरचे पैलवानांचे तिरके फोटो, तालमीच्या फुटबॉल संघाच्या जर्सीवरचा तिरका पट्टा, शाहू जयंतीच्या बॅनरच्या कोपऱ्यातली ‘२६ जून’ची फीत, सगळीकडे हाच त्रास. डिझाईन करणारे याला ‘कडा फाटल्या’ म्हणतात.

फाटलेली कड दिसली की बहुतेकांचा हात ब्लरकडे जातो. तो उपाय अगदी शेवटचा. आकार फिरवण्याआधी तो कशाचा बनलेला आहे आणि तो किती वेळा पिक्सेलमध्ये उतरवला जातोय, यावरच कड कशी येणार हे ठरतं. त्यामुळे या लेखाचा मोठा भाग फिरवण्याच्या आधीच्या तयारीबद्दल आहे.

पायऱ्या येतात कुठून

चित्र म्हणजे चौकोनी पिक्सेलची जाळी. आडवी किंवा उभी रेघ या जाळीच्या ओळीत नेमकी बसते. रेघ तिरकी झाली की ती काही चौकोनांमधून अर्धवट जाते. सॉफ्टवेअरने प्रत्येक चौकोन ‘पूर्ण भरलेला’ किंवा ‘पूर्ण रिकामा’ असाच ठरवला, तर रेघ काही पिक्सेल सरळ जाऊन एकदम एक पिक्सेल खाली उतरते. ही पायरी. चौकोनाचा जितका भाग आकाराखाली आला तितक्याच प्रमाणात रंग भरला, तर डोळ्याला पायरी दिसत नाही. याला अँटी-अलायझिंग म्हणतात.

पायरीची लांबी कोनावर ठरते. १ अंशाला साधारण ५७ पिक्सेल सरळ आणि मग एक उडी. ३ अंशांना १९ पिक्सेल, ५ अंशांना ११, १० अंशांना जेमतेम ६, आणि ४५ अंशांना प्रत्येक पिक्सेलला एक उडी. म्हणजे कोन जितका कमी तितकी पायरी लांब, आणि लांब पायरी डोळ्याला लगेच टोचते. म्हणूनच ४५ अंशांची फीत चालून जाते आणि ३ अंश कललेली काठी फाटलेली दिसते.

मराठी मजकुराला हा त्रास इंग्रजीपेक्षा जास्त होतो, कारण आपल्याकडे शिरोरेषा आहे. ‘हार्दिक शुभेच्छा’ ही ओळ २ अंश वर उचलली की डोक्यावरची लांब रेघ प्रत्येक २८-२९ पिक्सेलला तुटल्यासारखी दिसते. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात, त्यामुळे तिथं ही सलग पायरी दिसत नाही. कमी कोनात मजकूर कलता करायचा असेल तर पुढची काळजी दुप्पट घ्या.

आधी खात्री करा

पुष्कळदा कड फाटलेली नसते, फक्त पडद्यावर तशी दिसते. फोटोशॉपमध्ये ३३ किंवा ६६ टक्के झूमवर तिरक्या कडा खडबडीत दिसू शकतात. कंट्रोल + १ दाबून १०० टक्क्यांवर पाहा. फ्री ट्रान्सफॉर्म चालू असताना दिसतं ते कच्चं चित्र असतं, एंटर दाबल्यावरच खरी कड दिसते. कोरलड्रॉमध्ये व्ह्यू मेनूत ‘नॉर्मल’ निवडलेलं असेल तर सगळ्याच तिरक्या रेघा दातेरी दिसतात. तिथं ‘एन्हान्स्ड’ निवडा.

खरी परीक्षा ८०० टक्क्यांवर होते. कडेपाशी आकाराचा रंग आणि मागचा रंग यांच्यामध्ये किती मधल्या छटांचे पिक्सेल आहेत ते मोजा. एकही नसेल तर कड फाटलेली आहे. एक-दोन असतील तर कड उत्तम आहे, तिला हात लावू नका. तीन-चारच्या वर असतील तर ती गुळगुळीत नसून धूसर झाली आहे, म्हणजे कुणीतरी ब्लर किंवा फेदर (निवडीची कड मऊ करणं) जास्त मारला आहे.

फोटोशॉप: साधा आकार

पट्टा, फीत, काठी, चौकट असा एका रंगाचा आकार असेल तर तो पिक्सेलमध्ये काढूच नका. रेक्टँगल टूल घ्या (यू) आणि वरच्या पट्टीत ‘पिक्सेल्स’ ऐवजी ‘शेप’ निवडा. आकार काढा, कंट्रोल + टी (फ्री ट्रान्सफॉर्म) दाबा, वरच्या कोनाच्या चौकटीत नेमका आकडा टाइप करा, उदाहरणार्थ -३, आणि एंटर दाबा. शेप लेअर (लेअर म्हणजे चित्राचा एक थर) म्हणजे गणिती रेषा. तो दहा वेळा फिरवला तरी प्रत्येक वेळी मूळ रेषेवरूनच नव्याने रंगवला जातो, त्यामुळे कड झिजत नाही. त्यावर ‘रास्टराइझ लेअर’ (रेषेचे कायमचे पिक्सेल बनवणं) करण्याची घाई मात्र करू नका. केलंत तर हा सगळा फायदा गेला.

मार्की टूलने चौकोन निवडून रंग भरायची सवय अनेकांना असते. सरळ चौकोनाला त्यात काही बिघडत नाही, पण तिरका करायचा असेल तर रंग भरण्याआधी सिलेक्ट मेनूतल्या ‘ट्रान्सफॉर्म सिलेक्शन’ने निवडच फिरवा आणि मग भरा. आधी भरून मग फिरवलं तर भरलेले पिक्सेल फिरतात. लॅसो आणि मॅजिक वाँड वापरताना वरच्या पट्टीतली ‘अँटी-अलायझ’ची खूण चालू आहे ना, ते पाहा. आणि पेन्सिल टूलने काढलेली तिरकी रेघ नेहमी फाटलेलीच येणार, कारण त्या टूलला मऊ कड माहीतच नाही. त्याऐवजी ब्रश किंवा लाइन टूल घ्या.

फोटोशॉप: तिरका फोटो

कुस्तीच्या पोस्टरवर वीस-वीस पैलवानांचे चौकोनी फोटो असतात, कुणी ४ अंश डावीकडे, कुणी ६ अंश उजवीकडे. फोटोचा लेअर थेट फिरवला तर त्याची कड आणि आतलं चित्र, दोन्ही एकाच वेळी पिक्सेलमध्ये नव्याने मोजले जातात. दुसऱ्यांदा फिरवला तर पुन्हा मोजणी, आणि दर वेळी थोडं थोडं नुकसान. यावरचा सर्वांत भरवशाचा मार्ग असा:

१. आधी चौकटीच्या मापाचा रेक्टँगल शेप काढा. पांढरी किनार हवी असेल तर त्याच्याखाली सगळ्या बाजूंनी १५ पिक्सेल मोठा पांढरा शेप ठेवा.
२. फोटो वरच्या लेअरवर आणा, लेअरवर राइट क्लिक करून ‘कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट’ (मूळ चित्र आत जपून ठेवणारा लेअर) करा. फोटो चौकटीपेक्षा प्रत्येक बाजूने थोडा मोठाच ठेवा.
३. कंट्रोल + ऑल्ट + जी दाबा. फोटो शेपच्या आत कापला जाईल.
४. तिन्ही लेअर एकत्र निवडा, कंट्रोल + टी, कोन टाका, एंटर.

इथं बाहेरची कड शेपची आहे, फोटोची नाही. त्यामुळे ती शेपइतकीच स्वच्छ येते. आतला फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट असल्यामुळे उद्या कोन ४ चा ७ करायचा झाला तरी तो मूळ फोटोवरून एकदाच मोजला जातो, ४ अंशांवरून पुढे ३ अंश असं होत नाही.

किनारीसाठी लेअर स्टाइलमधला ‘स्ट्रोक’ देणं सोपं वाटतं. पण फिरवलेल्या पिक्सेल लेअरवर तो अर्धपारदर्शक कडेचा माग काढत जातो आणि किनारच खडबडीत होते. ‘आउटसाइड’ ठेवला तर कोपरेही गोल होतात. वर सांगितलेला पांढरा शेप दोन मिनिटं जास्त घेतो, पण वीस फोटोंच्या पोस्टरवर फरक उठून दिसतो.

तयार फाईलमधला चपटा पिक्सेल लेअरच फिरवायचा असेल, तर चार गोष्टी तपासा. पहिली, इमेज मेनूत मोड ‘इंडेक्स्ड कलर’ (मोजकेच रंग) किंवा ‘बिटमॅप’ (फक्त काळा-पांढरा) नाही ना. जिफ फाईल उघडली की मोड हमखास इंडेक्स्ड असतो आणि त्यात मधल्या छटा तयारच होत नाहीत. ‘आरजीबी कलर’ करा. दुसरी, कंट्रोल + टी केल्यावर वरच्या पट्टीत ‘इंटरपोलेशन’ची (नव्या पिक्सेलचा रंग मोजायच्या पद्धतीची) यादी दिसते. तिथं ‘निअरेस्ट नेबर’ असेल तर तोच गुन्हेगार. ‘बायक्युबिक’ किंवा ‘बायक्युबिक ऑटोमॅटिक’ निवडा. तिसरी, चित्र लेअरच्या अगदी टोकापर्यंत भरलेलं असेल तर कडेला मिसळायला जागा राहत नाही. ‘कॅनव्हास साइज’मध्ये चारी बाजूंनी १० पिक्सेल वाढवा, लेअरच्या थंबनेलवर कंट्रोल धरून क्लिक करा, सिलेक्ट मेनूतून ‘मॉडिफाय’मधल्या ‘कॉन्ट्रॅक्ट’ने निवड २ पिक्सेल आत घ्या आणि लेअर मास्क (निवडीबाहेरचा भाग झाकणारा पडदा) लावा. मग हा लेअर मास्कसकट स्मार्ट ऑब्जेक्ट करून फिरवा. चौथी, फिरवणं एकदाच. डोळ्याने अंदाज घ्यायचा असेल तर घ्या, पण कोन ठरला की अनडू करून एकदाच नेमका आकडा द्या.

९० अंशांना काहीच बिघडत नाही असं सगळे समजतात. ते खरं आहे, पण एक अपवाद आहे. लेअरची रुंदी विषम आणि उंची सम असेल, म्हणजे ३०१ × २०० पिक्सेल, तर तो मध्यबिंदूभोवती फिरवताना अर्ध्या पिक्सेलवर जाऊन बसतो आणि सगळं चित्र किंचित मऊ होतं. ट्रान्सफॉर्म चालू असताना वरच्या पट्टीतल्या डावीकडच्या चौकटीतून संदर्भबिंदू मध्यावरून कोपऱ्यावर न्या, मग फिरवा.

दोन पट्टे एकमेकांना भिडतात तिथं

ही चूक जाणत्यांकडूनही होते. जर्सीवर दोन तिरके पट्टे शेजारी शेजारी आहेत, दोघांच्या कडा अचूक एकाच रेषेवर आहेत, दोन्ही कडा स्वच्छ आहेत, तरी मधून मागचा रंग केसासारखा बारीक दिसतो. कारण साधं आहे. कडेवरचा पिक्सेल पहिल्या पट्ट्याने ५० टक्के झाकला, दुसऱ्यानेही ५० टक्के. बेरीज शंभर व्हायला हवी, पण दुसरा पट्टा उरलेल्या अर्ध्याचा अर्धाच भाग झाकतो. एकूण ७५ टक्के झाकलं जातं आणि २५ टक्के पार्श्वभूमी डोकावते. मागे काळा रंग असेल तर काळी रेघ, पांढरा असेल तर पांढरी.

उपाय म्हणजे खालचा पट्टा वरच्याच्या आत २ पिक्सेल सरकवून ठेवायचा. मोठ्या फ्लेक्सवर ४-५ पिक्सेल सरकवले तरी चालतं, वरचा पट्टा ते झाकतोच. पूर्ण मापाचा एक पट्टा खाली आणि त्याच्यावर दुसरा, अशी रचना सुरुवातीपासूनच ठेवली तर हा प्रश्नच उभा राहत नाही.

तिरका मजकूर

फोटोशॉपमध्ये मजकूर टाइप लेअर असेपर्यंत तो शेपसारखाच वागतो, फिरवा आणि निश्चिंत राहा. कॅरेक्टर पॅनेलमध्ये खाली अँटी-अलायझिंगची यादी आहे: नन, शार्प, क्रिस्प, स्ट्राँग, स्मूद. ‘नन’ असेल तर शिरोरेषा फाटणारच. कलत्या मराठी ओळीला ‘स्मूद’ किंवा ‘स्ट्राँग’ ठेवा. बारीक वजनाच्या फाँटची शिरोरेषा अंतिम मापात २ पिक्सेलपेक्षा पातळ असेल, तर कितीही अँटी-अलायझिंग केलं तरी ती कुठं गडद, कुठं फिकी अशी लाटेसारखी दिसते. तिथं जाड वजनाचा फाँट घ्या किंवा फाईलचे पिक्सेल वाढवा.

कोरलड्रॉ

फ्लेक्सचं काम कोरलड्रॉमध्ये करत असाल तर निम्मी लढाई आधीच जिंकलेली आहे, कारण तिथला आकार आणि मजकूर गणिती असतो. आकारावर दोनदा क्लिक केलं की फिरवायचे बाण येतात, पण प्रॉपर्टी बारमध्ये कोन टाइप करणं जास्त नेमकं.

कड बिघडते ती बाहेर पडताना. सावली किंवा इफेक्टसाठी ‘कन्व्हर्ट टू बिटमॅप’ (इथं बिटमॅप म्हणजे पिक्सेलचं चित्र) केलं जातं, त्या चौकटीत ‘अँटी-अलायझिंग’ची खूण काढलेली असली की झालं. टिफ एक्स्पोर्ट करतानाही तीच खूण बघायची. फिरवायचं असेल तर आधी फिरवा, बिटमॅप सर्वांत शेवटी करा. आणि शक्य असेल तिथं बिटमॅप टाळून सगळा मजकूर कंट्रोल + क्यूने कर्व्ह करून (अक्षरांचे आकार बनवून) पीडीएफ द्या. पीडीएफमध्ये तिरकी काठी रेषाच राहते आणि तिचे पिक्सेल मशीनच्या मापाने शेवटी एकदाच बनतात.

गिंप

गिंप या फोटो सॉफ्टवेअरमध्ये शिफ्ट + आरने रोटेट टूल घ्या. ‘इंटरपोलेशन’मध्ये ‘नन’ नको, ‘क्युबिक’ किंवा ‘नोहेलो’ ठेवा, आणि क्लिपिंग ‘अॅडजस्ट’. त्याआधी लेअरला अल्फा चॅनेल (पारदर्शकतेची सोय) जोडा आणि ‘लेअर बाउंड्री साइज’मधून लेअर चारी बाजूंनी १० पिक्सेल मोठा करा. हे न केल्यास चित्र लेअरच्या सीमेवर कापल्यासारखं फिरतं आणि कड दातेरी येते. मजकूर फिरवायचा असेल तर ‘टेक्स्ट टू पाथ’ करून पाथ फिरवा, त्यावरून निवड घ्या आणि नव्या लेअरवर रंग भरा.

किती पिक्सेल पुरेत

१० × ६ फुटांचा फ्लेक्स म्हणजे १२० × ७२ इंच. इंचाला ७२ पिक्सेल धरले तर ८६४० × ५१८४ पिक्सेल, आणि एक पिक्सेल ०.३५ मिलिमीटरचा. रस्त्यावरून तीन मीटर अंतरावर साध्या डोळ्याला साधारण ०.९ मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका वेगळा दिसत नाही, म्हणून हे माप पुरतं. पण रेषेतला तुटकपणा डोळा ठिपक्यापेक्षा फार बारीक पकडतो, त्यामुळे ‘लांबून काय दिसणार’ म्हणून अँटी-अलायझिंग सोडू नका. याच मापाला इंचाला ३०० पिक्सेल ठेवायला गेलात तर रुंदी ३६,००० पिक्सेल होते आणि पीएसडी फाईलची मर्यादा ३०,००० आहे. त्या हट्टाची गरजही नाही.

उलट टोक म्हणजे मोबाइलवर आलेला १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो त्याच १० फुटांवर ताणणं. तिथं एक पिक्सेल १.९ मिलिमीटरचा होतो आणि कडेच्या पायऱ्या सहा मीटरवरूनही दिसतात. अशा वेळी आधी फोटो अंतिम मापाला मोठा करा, मग फिरवा. छोट्या मापात फिरवून मग मोठं केलं की पायऱ्याही तितक्याच पटीने मोठ्या होतात.

अँटी-अलायझिंग नको असतं तेव्हा

लग्नपत्रिकेची स्क्रीन प्रिंटिंगची फिल्म आणि रेडियम कटिंग (चिकटपट्टीतून अक्षरं कापणं) ही दोन कामं वेगळी. फिल्मवर शाई असते किंवा नसते, मधली छटा नसते. तिथं कड गुळगुळीत करायची ती पिक्सेल बारीक करून. गणिती फाईल देता येत नसेल तर ग्रेस्केल करून, इंचाला १२०० पिक्सेल ठेवून, तिरका मजकूर फिरवून झाल्यावर मगच बिटमॅप मोडला ‘५० टक्के थ्रेशोल्ड’ने जा. इंचाला ६०० ठेवले तर एक पिक्सेल ०.०४ मिलिमीटरचा असतो, १२०० ला त्याच्याही निम्मा. रेडियमच्या कटिंग मशीनला फक्त रेषा लागते. तिथं तिरका लोगो पेन टूलने नव्याने काढून द्या.

फाटलेलीच फाईल हातात आली तर

मूळ फाईल मिळत नाही आणि जेपीजीमधल्या तिरक्या लोगोच्या कडा फाटलेल्या आहेत. लोगो एक-दोन रंगांचा असेल तर पेन टूलने पुन्हा काढणं हाच खरा उपाय. कोरलड्रॉच्या पॉवरट्रेसने किंवा इंकस्केपच्या ‘ट्रेस बिटमॅप’ने थेट रेषा बनवायला गेलात तर त्या पायऱ्यांनाच इमानदारीने रेषा मानतात.

वेळ नसेल तर असं करा. ‘इमेज साइज’मध्ये ४०० टक्के मोठं करा. गॉशियन ब्लर ५ पिक्सेल द्या, पायऱ्या विरघळतील आणि कड धूसर होईल. मग लेव्हल्समध्ये डावा बाण ११० वर आणि उजवा १४५ वर आणा, धूसर कड पुन्हा आवळली जाईल. कोन बदलायचा असेल तर याच मोठ्या मापावर बदला. शेवटी २५ टक्क्यांवर परत आणा. ही युक्ती काळ्या-पांढऱ्या चित्रावर किंवा मास्कवर चालते. रंगीत फोटोवर थेट केलीत तर रंगांची वाट लागेल, म्हणून फोटोच्या बाबतीत फक्त त्याच्या मास्कवर करा. टोकदार कोपरे थोडे गोल होतात. ते पॉलिगोनल लॅसोने परत टोकदार करून घ्या.

कापलेल्या फोटोच्या तिरक्या कडेला पांढरी झालर राहिली असेल तर लेअर मेनूतल्या ‘मॅटिंग’मधून ‘डिफ्रिंज’ १ पिक्सेल द्या. २ च्या वर जाऊ नका, केसांची टोकं खाल्ली जातात.

सेव्ह करताना

सगळं नीट करूनही शेवटच्या पावलावर कड फाटू शकते. जिफमध्ये पिक्सेल एक तर पूर्ण पारदर्शक असतो किंवा पूर्ण भरलेला. त्यामुळे पारदर्शक तिरका लोगो जिफमध्ये सेव्ह केला की अँटी-अलायझिंग कापलं जातं. पीएनजी-२४ घ्या. जिफच हवी असेल तर ‘मॅट’मध्ये ज्या रंगावर लोगो बसणार आहे तो रंग द्या. जेपीजी कमी दर्जावर ठेवली की लाल आणि भगव्या कडांभोवती मळकट ठिपके येतात, फोटोशॉपमध्ये दर्जाचा आकडा १० च्या खाली नेऊ नका. प्रिंटवाल्याला व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पिक्सेल वाटेतच कमी होतात. आणि पाठवण्याआधी सेव्ह केलेली फाईल पुन्हा उघडून, १०० टक्क्यांवर, सर्वांत कमी कोनाची कड डोळ्याखालून घाला. फ्लेक्सवर ती बहुधा शिरोरेषा असते, नाहीतर सासनकाठी.